पाठभेद

साहित्याच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक जुना नियम आम्ही नेहमी सांगत आलो आहोत: दोन हस्तलिखितांतले शुद्ध शब्द जुळले, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, चुका जुळल्या, तर मात्र दोन्ही एकाच प्रतीवरून उतरली असावीत. विषाणूंची वंशावळही याच न्यायाने मांडतात. करोनाच्या संहितेत सुमारे ३० हजार अक्षरे. नक्कल होताना त्यांतले एखादे बदलते, पुढच्या प्रतींत टिकते, आणि अशा समान बदलांवरून नाते ठरते. व्हेरियंट म्हणजे पाठभेदच.

या वंशावळीत नाव हाच पत्ता असतो. बी.१.६१७.२ ही बी.१.६१७ ची एक शाखा. आकड्यांच्या तीन पायऱ्या संपल्या की नवी अक्षरे घेतात, म्हणून बी.१.१.५२९.१ चे बीए.१ झाले. दोन वंशांचा संकर झाला की नाव 'एक्स'ने सुरू होते, जसे एक्सबीबी. मिश्र पाठपरंपरेच्या पोथ्यांनी संपादकांना असेच छळले आहे.

पण वंशावळ नाते सांगते, धोका सांगत नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी निराळी आहे. प्रसार वाढतो का, आजार बळावतो का, लस वा औषध कमी पडते का, हे पाहून काही प्रकार 'लक्ष ठेवण्याजोगे' ठरतात, काही 'चिंताजनक'. भारतात प्रथम आढळलेल्या दोन भावंडांना ३१ मे २०२१ रोजी ग्रीक नावे मिळाली, तेव्हा बी.१.६१७.२ म्हणजे डेल्टा 'चिंताजनक' होता, बी.१.६१७.१ म्हणजे कप्पा केवळ 'लक्ष ठेवण्याजोगा'. तोवर वर्तमानपत्रांत 'भारतीय प्रकार' हा शब्द रुळू लागला होता. देशाचे नाव रोगाला एकदा चिकटले की सुटत नाही. १९१८ ची साथ स्पेनमध्ये उगम पावल्याचा पुरावा नसूनही ती 'स्पॅनिश'च राहिली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन ग्रीक अक्षरे वगळून ओमिक्रॉन निवडले गेले: एक इंग्रजीतल्या 'नव्या'सारखे ऐकू येई, दुसरे अनेकांचे आडनाव होते. शब्दांविषयीची ही सावधगिरी आम्हांला आपलीशी वाटली.

महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणारे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर पुण्यात आहे, आणि विषाणूंच्या संहिता वाचणारी राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच. दोघांची अडचण एकच: जी प्रत हाती आली नाही, तिचा पाठ नोंदवता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या परिचयातली जी माणसे गेली, त्यांच्या अहवालावर 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द होता. त्या महिन्यांतल्या असंख्य नमुन्यांपैकी फार थोड्यांची संहिता वाचली गेली. डेल्टाचा वृक्ष त्या थोड्यांवर उभा आहे. आमची माणसे त्यावर कुठे बसतात, ते केवळ तर्काने सांगता येते. वर्गवारी साथीची होते, माणसाची होत नाही.

पाठभेदांवर बोलताना, न मिळालेल्या प्रतींसाठीही आम्ही आता थोडा वेळ राखून ठेवतो.