कागदावरचे मालक

पिरंगुटहून मुठा खोऱ्यात शिरून टेमघरचे धरण मागे टाकले, घाट चढला, की दासवे येते. आता त्याला सारे लवासाच म्हणतात. मागच्या पावसाळ्यात तिथल्या रंगीत इमारतींपुढे आम्ही पतिपत्नी उभे होतो आणि बोलत होतो ते शेअर बाजाराविषयी. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हा आमचा विषय नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे.

हे नगर उभारणारी लवासा कॉर्पोरेशन स्वतः बाजारात कधी उतरलीच नाही. सप्टेंबर २०१० मध्ये तिने भागविक्रीचा मसुदा 'सेबी'कडे दिला. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि ती विक्री राहून गेली. तिची मूळ कंपनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन मात्र बाजारात होती. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली स्थापलेली, बोगदे आणि धरणे बांधणारी ही कंपनी. तिचा शेअर घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वांद्रे-वरळीचा सागरी सेतू असायचा. प्रत्यक्षात तो मुळशीच्या डोंगरातल्या एका नगराचाही भागीदार झालेला असायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. हे नगर प्रवर्तक अजित गुलाबचंद यांचे स्वप्न होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. तेव्हा प्रश्न लबाडीचा नाही. एका माणसाचे स्वप्न कंपनीचे धोरण होते, तेव्हा त्याला 'थांबा' म्हणणारे कोण असते, एवढाच आहे.

लबाडीचे उदाहरण सत्यमचे. डिसेंबर २००८ मध्ये तिच्या संचालक मंडळाने, त्यातल्या स्वतंत्र संचालकांसह, राजू कुटुंबाशी संबंधित दोन 'मेटास' कंपन्या विकत घ्यायचे ठरवले. (रोमन लिपीत सत्यम उलटे लिहिले की मेटास होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हालाही हे फार उशिरा कळले!) गुंतवणूकदार खवळले, निर्णय काही तासांत फिरला, आणि तीन आठवड्यांनी राजूंनी हिशेबातल्या अफरातफरीची कबुली दिली.

पुढे कायदा बदलला. प्रवर्तकाशी संबंधित मोठ्या व्यवहाराला २०१४ पासून भागधारकांची संमती लागते, आणि ती देताना संबंधितांचे मत धरले जात नाही.

सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून आम्ही अशाच एका घराण्याच्या कंपनीचे शेअर घेतले होते. तिचे नाव सांगत नाही. संस्थापक वृद्ध, साधे, भाषणात तुकोबांचा हवाला देणारे, आम्ही भाळलो. दोन वर्षांनी ई-मेल आला. संस्थापकांच्या मुलाच्या कंपनीला कर्ज द्यायचे आहे, मतदान करावे. त्या ठरावावर घराण्याला मत नव्हते, आम्हाला होते. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. आम्ही दोन परिच्छेद वाचले, भाषा रुक्ष वाटली, आणि तो पुसून टाकला. ठराव मंजूर झाला. पुढे ते कर्ज बुडीत खात्यात गेले, आणि शेअरचा भाव चौथ्या हिश्शावर आला.

१९२१ च्या मुळशी सत्याग्रहावर वर्गात बोलताना आम्ही पुण्याच्या सावकारांविषयी फार कडक बोलतो. जमिनीचे कागद त्यांच्याकडे, नांगर मावळ्यांच्या हाती; टाटांच्या धरणाची भरपाई घेऊन सावकार मोकळे झाले. 'कागदावरच्या मालकांना त्या मातीशी देणेघेणे नव्हते,' असे एक वाक्य आमच्या जुन्या टिपणात आहे. यंदा वर्गात ते वाचताना आम्ही अडखळलो.