काकींची गहुली

गेल्या चातुर्मासात बदलापूर गावातील आमच्या काकी अरिहंतशरण झाल्या. शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु गुरुमहाराजांच्या स्वागतास पाटावर अक्षतांची गहुली रेखताना त्या स्वतः रचलेले गहुलीगीतही गात. कागदावर मात्र त्यांनी कधी एक ओळ उतरवली नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी गावात शिरले. दुकानातील माल भिजला, काका खचले. काकींनी माळ्यावरचे कोरडे धान्य काढले आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी शेजारच्या घरांत गरम खिचडी पोहोचवली. "माल पुन्हा भरता येईल; भूक उद्यावर ठेवता येत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

बँकेतील नोकरीने मला एक शिकवले : ज्याची नोंद नाही, ते कालांतराने नाहीसे होते. खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतली. म्हणूनच बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती ग्रंथरूप झाली. काकींच्या गीतांपैकी नातीने मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेली सातच उरली आहेत. बाकीची त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या पेढ्यांवर पै-पैचा हिशेब लिहिला जातो. घरातील मातांची गीते, पाककृती, बोल यांसाठीही एक वही असावी. यंदाच्या पर्युषणात आमच्या घरी ती सुरू झाली. पहिली सात पाने काकींची आहेत.