काळ्या दगडावरची रेघ



वर्गातल्या बाकावर, झाडाच्या बुंध्यावर किंवा एखाद्या किल्ल्याच्या भिंतीवर तुम्ही कधी आपले नाव कोरले आहे काय? खरे सांगा. मी रागावणार नाही. रागावण्याचा मला अधिकारही नाही. कारण मीही एकदा ते केले आहे. आज त्याचीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे.

मी तेव्हा सातवीत होते. आमच्या उर्दू शाळेची सहल घारापुरीला गेली होती. घारापुरी हे उरणजवळचे समुद्रातले बेट. परदेशी लोक त्याला एलिफंटा म्हणतात. सर्व मुले मोठ्या लेण्यात सरांचे बोलणे ऐकत होती. आम्ही दोघी-तिघी मात्र हळूच निसटलो आणि पुढच्या एका अर्धवट राहिलेल्या लेण्यात शिरलो. माझ्या दप्तरात कंपासपेटी होती. मी कर्कटक काढले आणि एका खांबावर माझे नाव कोरू लागले. माझे नाव अलिफने सुरू होते. अलिफ म्हणजे एक उभी रेघ. ती रेघ कोरून होते न होते तोच सरांची शिट्टी वाजली आणि आम्ही धूम ठोकली. पुढची अक्षरे राहून गेली.

त्या वेळी मला वाईट वाटले ते नाव अपुरे राहिले म्हणून. पुढे कित्येक वर्षे मी ही गोष्ट मैत्रिणींना हसत हसत सांगत असे.

मागच्या वर्षी थंडीच्या दिवसांत मला पुन्हा त्या बेटावर जाण्याचा योग आला. बी.एड.ला माझ्याबरोबर असलेल्या एका मैत्रिणीचे माहेर घारापुरीचे. ती चार दिवस माहेरी जाणार होती. "अगं, नुसती लेणी बघून काय परत जातेस? एक रात्र राहा आमच्याकडे," असा तिने आग्रह धरला. पर्यटकांना या बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही. मी मात्र तिच्या घरची पाहुणी होते.

शनिवारी सकाळी आम्ही उरणच्या मोरा बंदरावर पोहोचलो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच येथूनच सुटते. मोरा बंदरात गाळ फार. ओहोटी लागली की पाणी मागे सरते आणि लाँच धक्क्याला लागणे कठीण होते. त्यामुळे येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचा हिशेब मोठा. मैत्रिणीचा भाऊ होडी घेऊन आला होता. भरतीचे पाणी चढले तेव्हा आम्ही निघालो.

होडीत बसल्या बसल्या मला एक गंमत सुचली. बंदर, दर्या, खलाशी हे शब्द कोळी बांधव रोज बोलतात. हेच शब्द आपण घरी उर्दूत बोलतो. मराठी आपल्याला अवघड वाटते. पण समुद्रावर आलो की निम्मी मराठी आपल्याला आधीच येत असते! दुसरी गंमत म्हणजे आम्ही मोऱ्याहून निघालो आणि मोऱ्यालाच उतरलो. घारापुरीवर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. माझ्या मैत्रिणीचे घर मोराबंदरला होते.

दुपारी आम्ही लेणी पाहायला निघालो. शेतबंदराकडून वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकाने. माळा, दगडी मूर्ती, टोप्या, काकडी, मक्याची कणसे. बेटावरच्या पुष्कळ घरांची चूल या दुकानांवर पेटते. माकडे मात्र फुकटची गिऱ्हाइके. माझ्या हातातले कणीस एकाने केव्हा पळवले ते मला कळलेदेखील नाही.

मोठ्या लेण्यासमोर उभे राहिले आणि मी क्षणभर थबकले. लहानपणी खेळण्याच्या नादात मी काहीच पाहिले नव्हते. हे लेणे बांधलेले नाही, कोरलेले आहे. काळ्या बेसॉल्ट खडकाचा डोंगर आत आत कोरत नेला आणि नको असलेला दगड काढून टाकला. जो उरला त्याचे खांब झाले, छत झाले, मूर्ती झाल्या. एक घाव चुकला तर तो दगड पुन्हा जोडता येत नाही. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत हे लेणे सुमारे ३९ मीटर खोल आहे. साधारण सहाव्या शतकातले हे काम. म्हणजे सुमारे १४०० वर्षांपूर्वीचे.

समोरच्या भिंतीवर शिवाची प्रचंड मूर्ती आहे. तिची उंची सुमारे साडेपाच मीटर. तिला तीन मुखे आहेत. आपल्या डाव्या हाताचे मुख उग्र, उजव्या हाताचे कोमल आणि मधले अगदी शांत. बाजूच्या भिंतींवर शिवाच्या कथा आहेत. कोठे शिवपार्वतीचा विवाह, कोठे कैलास पर्वत हलवणारा रावण, तर कोठे तांडव करणारा शिव. एका बाजूला चार दारांचा गाभारा आहे. आत शिवलिंग आहे. महाशिवरात्रीला उरण-पनवेलकडचे भाविक होड्यांनी येथे दर्शनाला येतात.

मुलांनो, तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात आला. आपण मूर्तिपूजा करत नाही. मग अशा जागी आपण कसे वागायचे? गाभाऱ्यासमोर एक म्हातारी आजी हात जोडून उभी होती. माझी मैत्रीणही उभी राहिली. मी हात जोडले नाहीत. जोडल्याचे नाटकही केले नाही. माझे अब्बा सांगत असत, "ज्या जागेपुढे कुणाची तरी मान झुकते, तेथे आपला आवाज चढू देऊ नये." मी ओढणी नीट केली आणि बाजूला गप्प उभी राहिले. माझी मैत्रीण काही बोलली नाही आणि तिला काही वाटलेही नाही. तिने तिचे केले, मी माझे केले. आमची मैत्री होती तेथेच होती.

मग मी मूर्तींकडे जवळून पाहू लागले. कोणाचे हात तुटलेले, कोणाचे पाय नाहीसे झालेले. १५३४ मध्ये हे बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. त्यांच्या सैनिकांनी या मूर्तींवर नेम धरून गोळ्या झाडल्या, असे सांगतात. पाण्याने आणि खाऱ्या हवेनेही दगडाची झीज केली आहे. परंतु मला सर्वांत जास्त चटका लावला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. या लेण्यात एक कोरीव लेख होता. पोर्तुगिजांनी तो शिलालेख काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि पुढे तो हरवला. तो वाचला असता तर हे लेणे कोणी कोरवले ते कदाचित कळले असते. आज अभ्यासक कलचुरी राजांचे नाव घेतात, पण खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. ज्या कारागिरांनी छिन्नी चालवली त्यांची नावे तर कोठेच नाहीत.

आणि मी? मी काय केले होते म्हणून माझे नाव तेथे हवे होते?

मी मैत्रिणीला न सांगता पुढच्या लेण्याकडे गेले. तो खांब शोधायला वेळ लागला. खांबावर नावेच नावे होती. मराठी, गुजराती, इंग्रजी. बदाम काढलेले, बाण काढलेले. त्या गर्दीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक उभी रेघ होती. दुसऱ्या कोणाला ती साधा ओरखडाच वाटली असती. ते अक्षर आहे हे फक्त मला ठाऊक होते. ती जागा आता मला वाकून पाहावी लागत होती. वीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. किती पावसाळे येऊन गेले! रेघ मात्र जशीच्या तशी होती.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'काळ्या दगडावरची रेघ'. त्याचा अर्थ, कधीही न पुसली जाणारी, अगदी पक्की गोष्ट. वर्गात मी तो तुम्हांला अनेकदा शिकवला आहे. त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

संध्याकाळी शेवटच्या लाँच निघून गेल्या आणि बेट एकदम शांत झाले. मैत्रिणीच्या आईने अंगणात चटई टाकली. "बस गो बाय, दमलीस," असे म्हणून त्यांनी चहा पुढे केला. मगरिबची वेळ झाली होती. मी विचारले, "मावशी, पश्चिम कोणती?" त्यांनी डोंगराकडे बोट दाखवले. मग घरात जाऊन धुतलेली चादर आणून दिली आणि अंगणात खेळणाऱ्या नातवंडांना म्हणाल्या, "आवाज करू नका रे, मावशी नमाज पढते." अब्बांनी मला जे शिकवले होते, ते या माउलीला कोणी शिकवले असेल?

जेवायला तांदळाची भाकरी आणि ताज्या मासळीचे कालवण होते. जेवता जेवता काका जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागले. समोर खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदराचे दिवे लखलखत होते. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पण घारापुरीच्या घरांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळाशी केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. "समोरच्या दिव्यांकडे बघत आमची पोरं कंदिलावर शिकली," काका म्हणाले. माझी मैत्रीण त्यांतलीच एक. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. जगभरचे लोक येथे येऊ लागले. दिवा मात्र आणखी तीस वर्षांनी आला.

मला राहवले नाही. मी काकांना माझी अलिफची गोष्ट सांगितली. ते रागावतील असे वाटले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लहानपणी आम्हांला तरी कुठं कळत होतं? आम्हीपण दगड मारलेत."

मी विचारले, "काका, ती रेघ पुसता नाही का येणार?"

ते म्हणाले, "पुसायला गेलीस तर घासावं लागेल. घासलंस तर आणखी दगड जाईल. तू आता मास्तरीण आहेस ना? मग मागून येणाऱ्या पोरांना सांग."

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूर्वेकडच्या टेकडीवर गेलो. तेथे विटांच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. या एवढ्याशा बेटावर बौद्ध आले, शैव आले, पोर्तुगीज आले, इंग्रज आले. राजबंदराजवळ एक भला मोठा दगडी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो मुंबईच्या राणीच्या बागेत आहे. तुम्ही तेथे गेलात तर त्याच्या अंगावरचे सांधे अवश्य पाहा. मोडणे किती सोपे आणि जोडणे किती कठीण, हे त्याच्याकडे पाहून कळते.

भरतीची वेळ साधून आम्ही परत मोऱ्याला आलो. निघताना मावशींनी सुक्या मासळीची पुडी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुझ्या शाळेतल्या पोरांना घेऊन ये."

मुलांनो, प्राचीन स्मारकांना इजा करणे हा आज कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. परंतु केवळ दंडाच्या भीतीने तुम्ही हात आवरावा असे मला वाटत नाही. ते लेणे ज्यांच्या श्रद्धेचे आहे त्यांचे ते आहेच. पण ते ज्या मातीतले आहे, ती आपलीही माती आहे. माझ्या पणजोबांनी याच खाडीत होडी चालवली. घारापुरीचा डोंगर त्यांनीही रोज पाहिला असेल.

यंदा आपल्या शाळेची सहल घारापुरीला न्यावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. परवानगी मिळाली तर मी तुम्हांला त्या खांबापाशी घेऊन जाईन आणि माझी अलिफ दाखवीन. मला लाज वाटेल, वाटू दे. तुमच्यापैकी एकाचा जरी हात थांबला, तरी ती रेघ दाखवल्याचे सार्थक होईल.

सहलीला येताना पाण्याची बाटली, टोपी आणि डबा बरोबर घ्या. वही-पेन्सिलही घ्या; जे पाहाल ते वहीत लिहा. कंपासपेटी मात्र घरी ठेवून या.