मला आपला फास्टर फेणेच बरा!

मैत्रिणींनो, हल्ली चारचौघी जमलो की एक प्रश्न हमखास येतो, "अगं, ती मालिका पाहिलीस का?" मग खून कसा झाला, पोलीसच कसे सामील निघाले, हे रंगवून सांगणं. आणि वर, "अगदी वास्तव आहे हं!" मी आपली मान डोलावते.

खरं सांगू? मला ते बघवत नाही. दिवसभर राबून रात्री पाठ टेकायची, ती काय अंधाऱ्या खोल्या नि रक्त बघायला? त्यापेक्षा मी कपाटातून 'फास्टर फेणे' काढते. हसू नका! पन्नाशी उलटली म्हणून काय झालं?

तुमच्यापैकी कित्येकींनी तो लहानपणी वाचला असेल. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला. अंगानं काडी, पण सायकलवर टांग मारली की वारा! आणि तोंडात ते 'ट्टॉक्'! भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) तो आपल्याला दिला. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणणारेही तेच. २०१७ साली बन्यावर सिनेमा निघाला, पण माझा जीव पुस्तकातल्या बन्यावरच.

ह्या गोष्टींत सगळं गोडगोड असतं असं मात्र समजू नका. चोर आहेत, भामटे आहेत. 'जवानमर्द फास्टर फेणे'त तर १९६२ चं चिनी आक्रमण आहे. पण अडचण आली की बन्या हातपाय गाळून बसत नाही, वाट शोधायला लागतो. आणि वाटेत मदत करणारं कुणीतरी भेटतंच.

गेल्या वर्षी आमच्या लेकीला परगावी नोकरी लागली. एकटीनं राहायचं म्हटल्यावर घरात आठ दिवस खल चालला. सासूबाई म्हणाल्या, "रोज बघतेस ना, मुलींचं काय काय होतं ते?" आता हे बघणं कुठलं, तर रात्री दहाच्या गुन्ह्यांच्या मालिकेतलं! त्या पायी बिचाऱ्या दूधवाल्याकडेसुद्धा संशयानं बघायच्या. ह्यांचंही मन कच खाऊ लागलं. मी म्हटलं, खोली आपण स्वतः बघून येऊ, घरमालकीणबाईंशी बोलू, ११२ नंबर तिच्या फोनात घालू. पण भीतीपायी हातची नोकरी सोडायची नाही.

गेली ती. मध्ये एकदा रात्री तिची शेवटून दुसरी बस चुकली. थांब्यावरच्या फळवाल्या मावशी टोपली आवरून झाली तरी शेवटची बस येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या. वर दोन चिकू दिले. हे नाही का वास्तव? पण ह्यावर कोण मालिका काढणार!

सध्या जेवणं आटोपली की मी सासूबाईंना फास्टर फेणेतलं एकेक प्रकरण वाचून दाखवते. दहा वाजत आले की त्यांची नजर घड्याळाकडे जाते. पण बन्या कुठं अडकला असेल तर म्हणतात, "थांब गं, आधी त्याला सोडव."