सरासरी नको, टेलचं सांगा

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. विषय कॉम्प्युटरवरच्या गेमचा आहे, पण ज्यांना गेमशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचावी, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 20 तारखेला लोकसभेत मंजूर, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्यानं बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन द्यायचंही लिहिलंय. पण आपल्याकडं तेवढं कोण वाचतंय? शिरूरच्या एसटी स्टँडवर काय आणि दौंडच्या प्लॅटफॉर्मवर काय, एकच वाक्य ऐकू यायचं, "बरं झालं राव, गेम बंद झाले." ऑनलाइन रमी, सट्टा, मोबाइलवरची मारामारी आणि घरात बसून कॉम्प्युटर शिकणारं पोरगं, सगळे एकाच गोणीत.

ही गोणी आमच्या घरातही आली. माझी ताई दौंडला असते. दाजी रेल्वेत. भाचा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षाला. त्यानं सुट्टीत काम करून जमवलेल्या पैशातून एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत लाइट. दाजींनी जाहीर करून टाकलं, "हे मशीन विकायचं. पोरगं हातचं चाललंय." ताईचा मला फोन आला, "तू पेपरवाला आहेस, तूच येऊन बघ बाबा हा नक्की करतोय काय."

एका रविवारी न्हावरा-चौफुलामार्गे दौंड गाठलं. भाच्याच्या स्क्रीनवर गेम नव्हताच. काळ्या खिडकीत आकड्यांच्या रांगा होत्या. म्हणाला, "मामा, गेम खेळायला मला अर्धा तासच मिळतो. बाकी वेळ तो नीट चालावा म्हणून जातो." मला वाटलं पोरगं टोपी घालतंय. मग बसलो त्याच्याजवळ तीन तास. जे समजलं ते सांगतो.

त्याच्या मशीनवर लिनक्स आहे. कॉलेजचं काम, प्रोग्रॅमिंग, सगळं त्यावर. पण काही गेम विंडोजशिवाय चालत नाहीत. म्हणून त्यानं लिनक्सच्या पोटात विंडोजचा दुसरा कॉम्प्युटर उभा केलाय. खरा नाही, सॉफ्टवेअरनं तयार केलेला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लिनक्स यजमान, विंडोज पाहुणा. हे काम करणारी केव्हीएम नावाची यंत्रणा 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, फुकट.

अडचण अशी की पाहुण्याला सगळं यजमानाच्या हातून घ्यावं लागतं. कागदपत्र लिहायला चालतं, पण गेमला ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद लागते. मध्ये कुणी हात घातला की खेळ संपला. यावरचा उपाय म्हणजे पासथ्रू. यजमान त्या कार्डावरचा हक्क सोडतो आणि कार्ड थेट पाहुण्याच्या ताब्यात देतो. लिनक्सच्या स्क्रीनसाठी प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स पुरतं.

हेही सरळ होत नाही. मदरबोर्ड आपली उपकरणं गटागटानं बांधतो. याला आयओएमएमयू गट म्हणतात. द्यायचा तर अख्खा गट द्यायचा. ग्राफिक्स कार्डाबरोबर त्याचा आवाजाचा भागही द्यावा लागतो. त्याच गटात आणखी काही अडकलं असेल तर कार्ड दुसऱ्या खाचेत लावून बघायचं. आपल्याकडच्या सामाईक गट नंबरासारखंच आहे. पोटहिस्सा पडल्याशिवाय एकट्याच्या नावावर होत नाही.

घरगुती कार्डांच्या बाबतीत तर अनेक वर्षं दारच बंद होतं. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला कळलं की तो 43 नंबरची एरर देऊन बसायचा. लोक ते लपवायच्या युक्त्या काढायचे. 2021 मध्ये कंपनीनं स्वतःच ही अट घरगुती कार्डांसाठी काढून टाकली. कार्ड तुम्ही विकत घेतलेलं, पण ते कसं वापरायचं हे दुसराच ठरवणार. आपल्याला हे नवीन नाही.

भाच्याचं कार्ड पाहुण्याला मिळालं, गेम सुरू झाला, कोपऱ्यात आकडा दिसायला लागला. सेकंदाला सरासरी 60 चित्रं. म्हणजे उत्तम. तरी गेम मध्येच अडखळायचा. एक झटका, परत सुरळीत, परत झटका.

मी म्हटलं, "60 आहेत ना? मग?"

त्यानं कागद घेतला. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. आता समज, 59 चित्रं 14-14 मिलिसेकंदांत आली. झाले 826. आणि शेवटच्या एका चित्रानं 174 घेतले. बेरीज 1000, म्हणजे बरोबर एक सेकंद. सरासरी अजूनही 60 च. पण त्या एका चित्राच्या वेळी स्क्रीन थिजला, आणि तेवढ्यात समोरच्यानं तुम्हाला मारलं.

"म्हणून मामा, सरासरी बघायचीच नाही. सगळ्यात उशिरा आलेली एक टक्का चित्रं बघायची."

हे वाक्य ऐकलं आणि मी सरळ होऊन बसलो. वीस वर्षं मी पाण्याच्या बातम्या लिहितोय. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा 202 किलोमीटर लांब, हवेली-दौंड-इंदापूरला पाणी देणारा. इकडं शिरूरला चासकमानचं आवर्तन, घोडचं आवर्तन. कालवा समितीची बैठक झाली की आकडा येतो, इतके टीएमसी सोडले. बातमी छापून येते. आणि टेलचा शेतकरी फोन करून विचारतो, "सोडलं कुठं? आमच्या चारीला थेंब नाही." आकडा खोटा नसतो. पाणी सुटलेलंच असतं. पण कांद्याला ज्या आठवड्यात हवं होतं त्या आठवड्यात ते त्याच्या वावरात आलेलं नसतं. हंगामाची सरासरी काढली तर सगळं झकास.

मग भाच्याला विचारलं, झटका घालवायला काय केलंस? त्यानं केलेली दुरुस्ती अशी.

पहिली गोष्ट, कोअर बांधून देणं. त्याच्या प्रोसेसरला आठ कोअर, सोळा थ्रेड. आधी त्यानं सगळे सोळा थ्रेड पाहुण्याला देऊन टाकले होते. वाटलं, जास्त दिलं की जास्त पळेल. झालं उलटं. पाहुण्याच्या डिस्कचं, आवाजाचं काम यजमानालाच करावं लागतं, आणि त्याच्याकडं मोकळा हातच उरला नाही. आता सहा कोअर, म्हणजे बारा थ्रेड पाहुण्याला आणि दोन कोअर यजमानाला. शिवाय पाहुण्याचं कुठलं काम कुठल्या थ्रेडवर चालणार हेही ठरवून बांधलंय. आधी लिनक्स त्याला मोकळा कोअर दिसेल तिकडं ढकलायचा. जागा बदलली की जवळच्या कॅशमध्ये साठवलेली माहिती वाया आणि पुन्हा सुरुवात. एका कोअरचे दोन थ्रेड एकत्रच द्यायचे, जोडी फोडायची नाही. डिस्कची आणि देखरेखीची कामं यजमानाच्या दोन कोअरवर.

दुसरी, पाहुण्याला खरा नकाशा दाखवणं. बारा थ्रेड नुसतेच दिले तर पाहुण्याला ते बारा वेगवेगळे प्रोसेसर वाटू शकतात. विंडोजची घरगुती आवृत्ती एकच प्रोसेसर सॉकेट वापरते. म्हणजे बारा देऊन हाती एकच. तिथं स्पष्ट लिहावं लागतं, सॉकेट एक, कोअर सहा, प्रत्येकी थ्रेड दोन. प्रोसेसरचं मॉडेलही खोटं दाखवायचं नाही, आहे तसंच पुढं द्यायचं.

तिसरी, मेमरी. लिनक्स मेमरी चार-चार केबीच्या पानांत मोजतो. पाहुण्याला 16 जीबी दिली तर पानं झाली 41,94,304. तीच मेमरी दोन-दोन एमबीच्या मोठ्या पानांत बांधली तर फक्त 8,192. कांदा एकेक मोजत बसण्यापेक्षा गोणीनं मोजावा, तसं. ही मोठी पानं मशीन सुरू होतानाच बाजूला काढून ठेवायची, कारण नंतर सलग जागा मिळेलच असं नाही.

बाकी बारीकसारीक. डिस्कसाठी व्हर्टिओचा ड्रायव्हर, नाहीतर वेगळी एसएसडीच पाहुण्याला. प्रोसेसरचा वेग वीज वाचवण्यासाठी कमी-जास्त होऊ न देणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच बदल. बदल केला, त्याच गेमच्या त्याच जागेत तेवढाच वेळ खेळला, आकडे वहीत लिहिले. सुधारणा नाही झाली तर बदल मागं. ती वही मी बघितली. तारखा घातलेल्या, रकाने आखलेले. आमच्या व्यवसायात एवढी शिस्त मी फार थोड्या लोकांत पाहिली.

सगळं झाल्यावर सरासरीचा आकडा फारसा हललाच नाही. 60 च्या जवळपासच. पण झटके गेले.

दाजी दारात उभं राहून ऐकत होते. रेल्वेचा माणूस. ते पहिल्यांदा बोलले, "म्हणजे मालगाडी लूपला घेतली आणि मेलला मेन लाइन मोकळी दिली."

"हो पप्पा. तेच."

"आणि आधी सगळ्या लायनी मेललाच देऊन बसला होतास."

पोरगं हसलं. त्या घरात महिनाभरात पहिल्यांदा.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा भाच्याची जाहिरात करतोय. हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. काही स्पर्धात्मक खेळांची फसवणूकविरोधी यंत्रणा व्हर्च्युअल मशीन दिसलं की खेळूच देत नाही. लपवाछपवी केली तर खातं बंद होऊ शकतं, आणि त्यात तक्रारीला जागा नाही. 2018 मध्ये प्रोटॉन आल्यापासून विंडोजचे कितीतरी गेम थेट लिनक्सवरच चालतात, त्यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. ज्याला फक्त खेळायचंय त्यानं सरळ विंडोज टाकावं. आणि रात्री दोनपर्यंत जागणं चुकीचंच. त्या मुद्द्यावर मी दाजींच्या बाजूनं होतो, आजही आहे.

पण यात पोरगं जे शिकलं ते गेमपुरतं नाही. मोठ्या कंपन्यांचं क्लाउड म्हणजे याच कल्पनेचं मोठं रूप. एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, कुणाला किती कोअर, किती मेमरी, कुठलं कार्ड, आणि एकाचा त्रास दुसऱ्याला होऊ न देणं. गुगल आणि ॲमेझॉनचं क्लाउड केव्हीएमच्या पायावर उभं आहे. मार्च 2024 मध्ये केंद्रानं इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली, सुमारे 10,372 कोटी रुपयांची. त्यात दहा हजारांहून जास्त जीपीयू उभे करायचं ठरलं. जीपीयू म्हणजे तेच, ग्राफिक्सचं चिप. ते सगळ्यांना वाटून द्यायचं काम कुणीतरी करणार ना? हे काम येणारी माणसं कुठून येणार?

आपल्या पुण्यातच 1991 मध्ये सी-डॅकनं परम 8000 हा महासंगणक केला. त्याच जिल्ह्यातले आपण. रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी आहे. तरी आपल्या पोरांचं कॉम्प्युटर शिक्षण अजून बहुतेक टायपिंग, वर्ड, एक्सेल आणि प्रमाणपत्र यातच फिरतंय. मी ज्या लॅब पाहिल्या तिथं विद्यार्थ्याला मशीनच्या सेटिंगला हात लावायची परवानगी नाही, बिघडेल म्हणून. पण भाचा बिघडवूनच शिकला. त्याच्या हातून लिनक्स तीनदा उडालं आणि तिन्ही वेळा त्यानंच परत उभं केलं. आणि हे सगळं त्याला इंग्रजीतून, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचावं लागलं. मराठीत यावर हाताला लागण्यासारखं काही सापडलं नाही, असं तो म्हणाला.

कॉम्प्युटरचा निर्णय? सध्या विकायचा थांबलाय. दाजींच्या अटी आहेत. रात्री अकराला बंद. या सेमिस्टरला एकही विषय मागं राहता कामा नये. राहिला तर कार्ड पहिलं विकायचं. पोरानं कबूल केलंय. निकाल लागायचाय, त्यामुळं शेवट गोड झाला असं मी आज लिहीत नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत.

शिरूर-दौंडमधल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कॉलेजांच्या प्राध्यापकांना: लॅबमधली दोन जुनी मशीन तरी बिघडवायला म्हणून मोकळी द्या. ज्याला कार्ड परवडत नाही त्या पोरालाही कोअर बांधणं आणि मेमरी राखून ठेवणं तिथं शिकता येईल. त्याला महागडं काही लागत नाही.

आणि माझ्या पत्रकार मित्रांना: पुढच्या आवर्तनाच्या बैठकीत किती टीएमसी सोडलं हे तर विचाराच. पण शेवटच्या चारीला कुठल्या तारखेला पाणी पोहोचलं आणि किती तास टिकलं, हेही विचारा. मी विचारणार आहे.

तुमच्या घरात असं कुणी पोरगं-पोरगी असेल तर कमेंटमध्ये लिहा. काय करतायत ते आधी शेजारी बसून बघा, मग विकायचं का ते ठरवा.