छातीतील परीक्षामंदिर

प्रश्नपत्रिका काढणे आणि उत्तरपत्रिका तपासणे यांत आमची तीस वर्षे सरली. परंतु आमच्या शाळेहून कितीतरी कठोर असे एक परीक्षामंदिर प्रत्येकाच्या छातीत, उरोस्थीच्या मागे, वसलेले असते. त्याचे नाव थायमस. तारुण्यापासून ही ग्रंथी आक्रसू लागते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. एके काळी पुष्कळ वैद्यकपंडित तिला निरुपयोगी समजत. १९६१ साली लंडन येथे झाक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती पार खचली आणि तिची खरी थोरवी कळली.

येथे परीक्षा होते ती टी-पेशींची. हे उमेदवार अस्थिमज्जेतून येतात. पहिला प्रश्न : आपल्याच पेशींवरील ओळखचिन्हे तुला वाचता येतात काय? न येणारा काही दिवसांतच मरतो. मग इन्सुलिनसारख्या, दूरच्या अवयवांतील प्रथिनांचे नमुने त्यांच्यापुढे मांडले जातात. या स्वकीयांवर जो त्वेषाने झडप घालतो, तो बहुधा नष्ट केला जातो. शंभरांतून दोन-चारच उत्तीर्ण होतात.

आमच्या सौभाग्यवतीस आमवाताने गाठले. बोटे सुजली, पोळी लाटवेना. शरीराचे सैनिकच सांध्यांवर उलटले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. ती म्हणाली, “अहो, असे कोणते पाप घडले माझ्या हातून?” आम्ही तिला या परीक्षेची हकीकत सांगितली. इतकी कडक तपासणी असूनही काही घरभेदे प्रत्येकाच्याच शरीरात निसटतात. त्यांना आवरणारे पहारेकरी कमी पडले, की असली दुखणी बळावतात. यात पापपुण्य कसले?

हे पहारेकरी जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली ओळखले. २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत मिळाले. नवल असे, की यांतील बरेचसे पहारेकरी याच ग्रंथीत, स्वकीयांवर झेप घेऊ पाहणाऱ्या उमेदवारांतूनच घडविले जातात. वर्गातील दांडग्या मुलास मॉनिटर करणाऱ्या मास्तरांस यातले मर्म सहज उमगेल.

वाचकहो, आपल्या घरी कोणी असे दुखणे सोसत असेल, तर औषध वेळेवर द्याच. पण हा दोष तुमचा नव्हे, एवढेही आवर्जून सांगा.