नातू, जनरल पिंटो आणि मी



नातू एनडीएला जायचं म्हणतोय. मी म्हटलं, "मुंगी जपणारं आपलं घर, अन् तू बंदूक धरणार?"

त्यानं मला लेफ्टनंट जनरल वॉल्टर पिंटोंबद्दल सांगितलं. हे ख्रिस्ती सेनानी २०२१ मध्ये पुण्यात वारले. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत त्यांच्या ५४ व्या डिव्हिजनला दोन परमवीरचक्रं मिळाली. त्यातलं एक एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपालला, मरणोत्तर.

श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, असं शास्त्र सांगतं. श्रवणबेळगोळचा बाहुबली घडवून घेणारे चामुंडरायही सेनापतीच होते.

फॉर्मचे पैसे मीच दिले. पण णमोकार म्हणताना अरुणची आई आठवते.